इंग्रजीतली ट्रान्झिटिव्ह व्हर्ब्स, म्हणजे सकर्मक क्रियापदं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी शिकायला जी मंडळी येतात त्यात दहावी-बारावीची मुलं असतात, स्पर्धा परीक्षेवाले असतात, आणि ऑफिसात मेल लिहिताना हात अडखळतो म्हणून येणारे चाळिशीतलेही असतात. बहुतेक सगळे माझ्यासारखेच मराठी मीडियमचे. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

ट्रान्झिटिव्ह व्हर्ब म्हणजे नेमकं काय, सोप्या भाषेत सांगा ना?

ज्या क्रियापदाला कर्म लागतं ते ट्रान्झिटिव्ह, आपलं सकर्मक. ज्याला लागत नाही ते इनट्रान्झिटिव्ह, अकर्मक. "राहुल किक्ड द बॉल" यात लाथ राहुलने मारली आणि ती बॉलला बसली, म्हणून बॉल हे कर्म म्हणजे ऑब्जेक्ट. "राहुल स्लेप्ट" यात झोप राहुलपाशीच सुरू झाली आणि त्याच्यापाशीच संपली, दुसरं कुणी लागलंच नाही. ट्रान्झिटिव्ह हा शब्द लॅटिनमधल्या पलीकडे जाणे या अर्थाच्या शब्दावरून आलाय, ट्रान्झिट त्याच घरातला. क्रिया कर्त्याकडून निघून पलीकडे कर्मापर्यंत जाते अशी ती कल्पना.

पण ही कल्पना फार ताणू नका. "आय नो द आन्सर" यात माझ्याकडून उत्तराकडे काहीच जात नाही, तरी नो हे ट्रान्झिटिव्हच आहे. त्यामुळे अर्थावरून अंदाज बांधण्यापेक्षा वाक्याची रचना बघायची सवय लावा. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर याच सवयीत आहे.

"काय?" आणि "कोणाला?" विचारून ऑब्जेक्ट सापडतो असं शाळेत शिकवलं होतं, ते बरोबर आहे का?

बऱ्याच वेळा बरोबर. "शी बॉट अ सायकल." काय विकत घेतलं? सायकल. झालं, बॉट ट्रान्झिटिव्ह.

फसतं कुठे तर "शी बिकेम अ डॉक्टर" सारख्या वाक्यात. काय झाली? डॉक्टर. मुलं पटकन डॉक्टरखाली रेघ मारून ऑब्जेक्ट लिहून मोकळी होतात. पण डॉक्टर कोण झाली, तीच ना? ती आणि डॉक्टर ही एकच व्यक्ती आहे, दुसऱ्या कुणावर काही घडलेलं नाही. हे पूरक आहे, कॉम्प्लिमेंट, आणि बिकेम हे जोडणारं क्रियापद. बी, बिकम, सीम, लुक, फील यांच्या बाबतीत हे कायम लक्षात ठेवायचं. मी मुलांना सांगते, मधे मनातल्या मनात बरोबरचं चिन्ह टाकून बघा. "ती = डॉक्टर" जमतं, म्हणजे पूरक. "ती = सायकल" जमत नाही, म्हणजे ऑब्जेक्ट. एकच अपवाद ध्यानात असू द्या, "शी हर्ट हरसेल्फ" मधे दोन्हीकडे तीच असली तरी हरसेल्फ हा ऑब्जेक्टच असतो.

दुसरी परीक्षा पॅसिव्हची, म्हणजे ऑब्जेक्टला कर्त्याच्या जागी आणून वाक्य फिरवून बघायचं. "द बॉल वॉज किक्ड बाय राहुल" होतं, "अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर" होत नाही. पण हिलाही अपवाद आहेत, खाली येतीलच.

मराठीतलं सकर्मक-अकर्मक मला कधी कळलंच नाही, मग इंग्रजीतलं कसं कळणार?

तुम्हाला ते तीन-चार वर्षांच्या वयापासून कळतंय, फक्त त्याचं नाव माहीत नव्हतं. हे बघा:

"त्याने आंबा खाल्ला. त्याने पोळी खाल्ली. त्याने केळं खाल्लं."

खाणारा तोच, तरी खाल्ला-खाल्ली-खाल्लं बदललं, कारण भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याच्या मागे न जाता खाल्लेल्या वस्तूच्या मागे गेलं. आणि "तो" चं "त्याने" झालं. आता "तो झोपला, ती झोपली, बाळ झोपलं" बघा. इथे "ने" नाही, क्रियापद कर्त्याच्या मागे. हा फरक कुठल्याही मास्तरांनी शिकवायच्या आधी आपण घरात ऐकून शिकलो. भूतकाळात "त्याने" येतं की "तो" राहतो हे बघायचं, "त्याने" आलं तर बहुतेक वेळा सकर्मक. "मी" घालून बघू नका, "मी" ला "ने" लागतच नाही त्यामुळे अर्धा पुरावा लपतो. आणि सोलापूर-बेळगावकडे "मी काम केलो" असं बोलतात, तिकडच्यांनी ही परीक्षा पुस्तकातल्या मराठीत घ्या.

अर्थात काही सकर्मक क्रियापदं या नियमात बसत नाहीत. "ती गाणं शिकली", "तो डबा विसरला", "कुत्रा मुलाला चावला". कर्म आहे पण "ने" नाही. गंमत म्हणजे कुत्र्याने पोळी चघळली तर आपण "कुत्र्याने पोळी चावली" म्हणतो आणि माणसाला दात लावले तर "कुत्रा चावला", एकच क्रियापद आणि दोन वागणुकी! ही परीक्षा मराठी क्रियापदासाठी आहे, तिचं उत्तर उचलून इंग्रजीला लावू नका. ती मी सांगितली याचं कारण पुढच्याच प्रश्नात आहे.

"डिस्कस अबाउट" चुकीचं का? मराठीत तर "विषयावर चर्चा केली" असंच म्हणतो.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर मोठं आहे.

आमच्याकडे एक ताई येत, शाळेत लिपिकाचं काम करायच्या. मीटिंगचा रिपोर्ट इंग्रजीत लिहायची पाळी आली की त्यांच्या वहीत हमखास "वी डिस्कस्ड अबाउट द बजेट" असायचं. मी अबाउट खोडायचे, पुढच्या आठवड्यात ते परत हजर. शेवटी मी नियम सांगायचं सोडलं आणि त्यांनाच मराठी वाक्य लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, "आम्ही बजेटवर चर्चा केली." मी विचारलं, "केली" कशामुळे झालं, "केला" का नाही? बजेटमुळे? त्या थांबल्या, पेन चर्चा या शब्दावर टेकवलं आणि म्हणाल्या, "चर्चा केली. म्हणजे कर्म चर्चा आहे, बजेट नाही!"

तिथेच सगळं आहे बघा. मराठीत आपण एक नाम घेतो आणि त्याला करणे, देणे किंवा साधणे जोडतो. चर्चा करणे, भर देणे, उल्लेख करणे, वर्णन करणे, संपर्क साधणे, हल्ला करणे, लग्न करणे, उत्तर देणे. या सगळ्यात कर्माची खुर्ची त्या नामाने आधीच अडवलेली असते. चर्चा केली, भर दिला, वर्णन केलं, क्रियापद त्या नामाप्रमाणेच बदलतं. मग बिचाऱ्या बजेटला बसायला जागा उरत नाही, त्याला "वर" किंवा "बद्दल" चा आधार घेऊन कडेला उभं राहावं लागतं. इंग्रजीत डिस्कस या एका शब्दाच्या पोटातच चर्चा आणि करणे दोन्ही आलेत, त्यामुळे कर्माची खुर्ची रिकामी असते आणि बजेट थेट तिथे बसतं: "वी डिस्कस्ड द बजेट."

आता ही यादी याच नजरेने वाचा, पाठ करायची गरज नाही:

"ही एम्फसाइझ्ड द पॉइंट", ऑन नको. "शी डिस्क्राइब्ड द व्हिलेज", अबाउट नको. "ही मेन्शन्ड युअर नेम", अबाउट नको. "प्लीज कॉन्टॅक्ट मी", टू नको. "दे अटॅक्ड द फोर्ट", ऑन नको. "ही मॅरिड हर", विथ नको. "आन्सर द क्वेश्चन", टू नको. "वी ऑर्डर्ड टी", फॉर नको.

आणि याच शब्दांचं नाम केलं की प्रिपोझिशन, म्हणजे हे ऑन, अबाउट, टू सारखे शब्द, परत येतं, कारण आता इंग्रजीतही मराठीसारखीच परिस्थिती झाली, खुर्ची नामाने अडवली. "वी हॅड अ डिस्कशन अबाउट द बजेट." "अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट." "अ‍ॅन आन्सर टू द क्वेश्चन." "अ‍ॅन ऑर्डर फॉर टी." म्हणजे डिस्कशन अबाउट बरोबर आणि डिस्कस अबाउट चूक. डोक्यात गोंधळ का होतो तेही यातून कळतं, दोन्ही आपण रोज ऐकतो.

त्या ताईंच्या वहीत नंतर अबाउट आलं नाही.

"रीच टू पुणे", "एंटर इन द रूम" यांचंही तसंच आहे का?

जवळपास तसंच. इथे नाम नाही, पण विभक्तीचा प्रत्यय आहे. "पुण्याला पोहोचलो" मधला "ला" आपण इमानदारीने टू म्हणून उतरवतो, "खोलीत शिरला" मधला "त" इन म्हणून. इंग्रजीत "वी रीच्ड पुणे", "ही एंटर्ड द रूम". पण अराइव्ह हे त्याच अर्थाचं असून अकर्मक आहे, तिथे "अराइव्ह्ड इन पुणे", "अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन" असं लागतंच. एका अर्थाची दोन क्रियापदं आणि एकाला ऑब्जेक्ट लागतो, दुसऱ्याला चालत नाही, म्हणून म्हटलं अर्थावरून ठरवू नका. एक सूट म्हणजे करार करणे या अर्थी "एंटर इन्टू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट" बरोबर आहे. दरवाजातून आत जायचं असेल तर नुसतं एंटर.

उलटी चूकही होते ना? "लिसन म्युझिक", "वेट मी"?

हो, ही चूक जास्त कानाला खटकते. आपण "गाणी ऐकतो", थेट कर्म, त्यामुळे "लिसन म्युझिक" तोंडात येतं. पण लिसन अकर्मक आहे, त्याला टू हवा: "लिसन टू म्युझिक." अर्थाने जवळचं असलेलं हिअर मात्र सकर्मक, "आय हिअर म्युझिक." तसंच "माझी वाट बघ" मधे कर्म वाट आहे, बघितलीच ना आपण, वाट! इंग्रजी वेटमधे ते नाही, म्हणून "वेट फॉर मी". "मला रिप्लाय कर" वरून "रिप्लाय मी" होतं, हवं "रिप्लाय टू मी". आणि "लुक अ‍ॅट द फोटो", "लुक द फोटो" नाही.

"गिव्ह मी अ पेन" चालतं, मग "एक्सप्लेन मी द लेसन" का चालत नाही?

गिव्हला दोन ऑब्जेक्ट चालतात, आपल्याकडे द्विकर्मक म्हणतात ते. कोणाला दिलं आणि काय दिलं, दोन्ही बिनप्रिपोझिशनचं. गिव्ह, सेंड, शो, टेल, लेंड, टीच, बाय, मेक ही सगळी त्या पंक्तीतली. एक्सप्लेन मात्र एकच ऑब्जेक्ट घेतं, जे समजावायचं ते. माणूस टू लावून मागे येतो: "एक्सप्लेन द लेसन टू मी." सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स, से, मेन्शन, इंट्रोड्यूस या सगळ्यांचं तसंच. "सजेस्ट मी अ गुड कॉलेज" हे आपल्याकडे रोज लिहिलं जातं, "सजेस्ट अ गुड कॉलेज टू मी" असं किंवा सरळ "कॅन यू सजेस्ट अ गुड कॉलेज?" असं लिहा.

का असं? ढोबळमानाने सांगायचं तर गिव्ह, सेंड, शो, टेल हे इंग्रजीचे जुने घरचे, एका झटक्यात उच्चारायचे शब्द आहेत, आणि एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब हे लॅटिन-फ्रेंचमधून आलेले, जोर दुसऱ्या तुकड्यावर असलेले. घरच्यांना दोन ऑब्जेक्ट चालतात, पाहुण्यांना शक्यतो एकच. अपवाद भरपूर आहेत त्यामुळे याला नियम न म्हणता आठवायची खूण म्हणा.

टेल आणि सेची जोडी वेगळी लक्षात ठेवा. "ही टोल्ड मी", मधे टू नाही. "ही सेड टू मी", टू आहे. "ही टोल्ड टू मी" आणि "ही सेड मी" दोन्ही चूक.

दोन ऑब्जेक्टची जागा बदलली तर टू लावायचं की फॉर?

हातातून हातात जाणारी गोष्ट असेल तर टू: "गिव्ह द पेन टू हर." कुणासाठी काही मिळवलं किंवा बनवलं असेल तर फॉर: "शी मेड टी फॉर अस", "ही बॉट अ सारी फॉर हिज मदर." आणि वस्तूच्या जागी इट आलं की "गिव्ह इट टू मी" हेच म्हणा, "गिव्ह मी इट" सहसा अवघडल्यासारखं वाटतं.

"मला आंबा आवडतो" याचं "आय लाइक मँगोज" कसं काय होतं? "मला" म्हणजे तर "टू मी" ना?

फार चांगला प्रश्न आणि याच्याकडे शाळेत कुणी वळून बघत नाही. मराठी वाक्यात आंबा हा कर्ता आहे. पुरावा क्रियापदात: आंबा आवडतो, पोळी आवडते, केळं आवडतं. आंबा आवडतो, आणि तो कुणाला तर मला. मी इथे फक्त अनुभव घेणारा, बाजूला बसलेला. इंग्रजीने हे नातं उलटं मांडलंय, तिथे आवडवून घेणारा मी कर्ता आणि आंबा ऑब्जेक्ट.

आणि हे एकट्या लाइकचं नाही. "मला पुस्तक हवंय" म्हणजे "आय वॉन्ट द बुक". "मला वेळ लागेल" म्हणजे "आय विल नीड टाइम". "मला ताप आहे" म्हणजे "आय हॅव अ फीव्हर". "मला तिचं नाव आठवतंय" म्हणजे "आय रिमेम्बर हर नेम". "मला पत्र मिळालं" म्हणजे "आय गॉट द लेटर". मराठीत जिथे "मला" ने सुरुवात होते आणि क्रियापद वस्तूच्या मागे जातं, तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा एक साधं सरळ ट्रान्झिटिव्ह व्हर्ब बसलेलं असतं, आणि "मला" चा आय झालेला असतो. भाषांतर करताना "मला" दिसलं की लगेच इंग्रजीतलं "टू मी" न लिहिता एक क्षण थांबा.

एकच व्हर्ब ट्रान्झिटिव्ह आणि इनट्रान्झिटिव्ह दोन्ही असू शकतं का?

इंग्रजीत तर ढिगाने. "द डोअर ओपन्ड" दार उघडलं, "शी ओपन्ड द डोअर" तिने दार उघडलं. मराठीतही उघडणे दोन्हीकडे चालतं, उकळणेही चालतं, पाणी उकळलं आणि आईने पाणी उकळलं. अशांना मराठी व्याकरणात उभयविध म्हणतात.

पण मराठीची मूळ सवय वेगळी, ती दोन वेगळे शब्द ठेवते. माझी भाची चार वर्षांची असताना स्वयंपाकघरातून आली, हातात नुसता कपाचा कान, आणि म्हणाली, "मावशी, कप फुटला." "फोडला" नाही म्हणाली. फुटणे आणि फोडणे यातला फरक तिला चौथ्या वर्षी पक्का माहीत होता, अकर्मक वापरलं की फोडणारा वाक्यातून गायब होतो! इंग्रजीत दोन्हीला ब्रेकच: "द कप ब्रोक", "आय ब्रोक द कप". तुटणे-तोडणे, जळणे-जाळणे, शिजणे-शिजवणे, वितळणे-वितळवणे, थांबणे-थांबवणे, वाजणे-वाजवणे, आपल्या प्रत्येक जोडीसमोर तिकडे एकेक शब्द आहे, ब्रेक, बर्न, कुक, मेल्ट, स्टॉप, रिंग. त्यामुळे इंग्रजीत ट्रान्झिटिव्ह आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही, पुढे ऑब्जेक्ट आलाय का ते बघूनच कळतं. परीक्षेत नुसता शब्द देऊन प्रकार विचारला तर तो प्रश्नच अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

रन, ग्रो, फ्लाय, वॉक हेही बघून ठेवा. "शी रन्स" पळते, "शी रन्स अ शॉप" दुकान चालवते. "ग्रेप्स ग्रो इन नाशिक" आणि "दे ग्रो ग्रेप्स इन नाशिक", पिकतात आणि पिकवतात. "धिस बुक सेल्स वेल" मधे सेल म्हणजे आपलं खपणे, विकणे नाही.

राइझ-रेझ आणि लाय-ले मधे कायम गडबड होते.

या जोड्या म्हणजे इंग्रजीतले फुटणे-फोडणे. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या बहीण-भाषांत मूळ क्रियापदातला स्वर बदलून करवणारं क्रियापद बनायचं, आता तशा थोड्याच जोड्या उरल्यात. फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे पाडणे, "दे फेल्ड द ट्री", झाड पाडलं. पडणे-पाडणे बघा आणि फॉल-फेल बघा, इतक्या लांबच्या दोन भाषांनी एकच युक्ती वापरलीय! सिट-सेटही तसेच, बसणे आणि बसवणे.

राइझ अकर्मक: "द सन राइझेस." रेझ सकर्मक, काहीतरी वर करायचं: "रेझ युअर हँड." रेझ नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतून आलंय पण जोडी त्याच जातीची.

लाय म्हणजे पडून राहणे, आडवं होणे: लाय, ले, लेन. ले म्हणजे ठेवणे, घालणे: ले, लेड, लेड. घोळ होतो कारण लायचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ एकच दिसतो. "ही ले ऑन द बेड" काल आडवा झाला. "द हेन लेज अ‍ॅन एग" कोंबडी अंडं घालते. पुढे अंडं असेल, पुस्तक असेल, काहीतरी ठेवलेलं असेल तर ले-लेड-लेड. इंग्रज-अमेरिकन लोकही बोलताना यात चुकतात, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका.

"द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड" लिहिलं तर मार्क का कापले?

हॅपनला ऑब्जेक्टच नाही, आणि पॅसिव्ह म्हणजे ऑब्जेक्टला उचलून कर्त्याच्या जागी बसवणं. जो नाहीच त्याला बसवणार कसं? "द अ‍ॅक्सिडेंट हॅपन्ड." ऑकर, अपिअर, डिसअपिअर, अराइव्ह, डाय, एक्झिस्ट, बिलाँग, कुणालाच वॉज लावून पॅसिव्ह करता येत नाही. मराठीत "अपघात झाला होता" मधे "होता" असतो त्याचं वॉज करून लोक घालतात असं मला वाटतं. "झाला होता" म्हणजे "हॅड हॅपन्ड".

मग सगळ्या ट्रान्झिटिव्ह व्हर्ब्सचं पॅसिव्ह होतं का?

नाही, बहुतेकांचं होतं. हॅव, लॅक, रिझेम्बल, सूट, फिट, कॉस्ट यांना ऑब्जेक्ट असल्यासारखा दिसतो पण "अ कार इज हॅड बाय हिम" कुणी म्हणत नाही. वे या शब्दात दोन्ही बाजू दिसतात. "द बॅग वेज 10 किलोज", बॅगचं वजन 10 किलो, पॅसिव्ह नाही. "द शॉपकीपर वेड द अनियन्स", दुकानदाराने कांदे तोलले, इथे मात्र "द अनियन्स वर वेड" मस्त जमतं.

दोन ऑब्जेक्ट असले की पॅसिव्हही दोन होतात: "आय वॉज गिव्हन अ बुक" आणि "अ बुक वॉज गिव्हन टू मी". माणसाला पुढे आणलेलं पहिलं वाक्य जास्त सहज आहे.

"आय एन्जॉइड" एवढंच म्हटलं तर चुकतं का? सगळे तर म्हणतात.

मराठीत कर्म गाळणं अगदी नैसर्गिक आहे. "पिक्चर बघितलास?" "बघितला." "चहा घेणार?" "घेते." समोरच्याला कळतंय तर परत कशाला सांगायचं. इंग्रजीतली काही क्रियापदं हे करू देतात, ईट, रीड, कुक, स्टडी: "आय हॅव ईटन" पूर्ण वाक्य आहे. पण लाइक, वॉन्ट, टेक, ब्रिंग, बाय, नीड, एन्जॉय यांना निदान एक इट तरी हवाच. "आय लाइक्ड इट." "आय विल ब्रिंग इट." "खूप मजा आली" याला "वी एन्जॉइड अवरसेल्व्ज" किंवा "वी एन्जॉइड द ट्रिप". मित्राला मेसेज करताना "एन्जॉइड अ लॉट" लिहिलंत तर मी काही म्हणणार नाही, आपल्या देशात ते आता रुळलंय. पेपरात आणि ऑफिसच्या मेलमधे मात्र ऑब्जेक्ट घाला. जेवण वाढल्यावर वेटर नुसतं "एन्जॉय!" म्हणतो ते चालतं.

"आय लाइक व्हेरी मच मँगोज" का विचित्र वाटतं?

कारण इंग्रजी व्हर्ब आणि त्याचा ऑब्जेक्ट यांना शेजारी शेजारी राहायचं असतं, मधे सहसा कुणी नको. "आय लाइक मँगोज व्हेरी मच." मराठीत "माणसाला कुत्रा चावला" म्हणा नाहीतर "कुत्रा माणसाला चावला" म्हणा, "ला" सांभाळून घेतो. इंग्रजीत असा "ला" नाही, कोण चावलं आणि कोणाला हे फक्त जागेवरून कळतं, म्हणून जागा इतकी कडक.

स्विच ऑफ, लुक आफ्टर यांचं काय?

"स्विच ऑफ द लाइट", "स्विच द लाइट ऑफ" दोन्ही चालतं, पण इट आला की मधेच: "स्विच इट ऑफ." "स्विच ऑफ इट" नाही. लुक आफ्टरमधे उलट, तुकडे होत नाहीत: "लुक आफ्टर हिम." लुक एकटं अकर्मक, पण आफ्टर जोडल्यावर अख्खा तुकडा सकर्मकासारखा वागतो, इतका की पॅसिव्हसुद्धा होतो: "ही वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज ग्रँडमदर." तिथे आफ्टर गाळू नका, मुलं हमखास गाळतात. "ही वॉज लाफ्ड अ‍ॅट" मधला अ‍ॅटही तसाच.

"दे मेड हिम कॅप्टन" यात दोन ऑब्जेक्ट आहेत का?

नाही. मगाचं बरोबरचं चिन्ह लावा, हिम = कॅप्टन. म्हणजे हिम ऑब्जेक्ट आणि कॅप्टन त्याचं पूरक. "दे गेव्ह हिम अ बॅट" मधे तो म्हणजे बॅट नाही, तिथे दोन ऑब्जेक्ट.

नवीन शब्द ट्रान्झिटिव्ह आहे की नाही हे डिक्शनरीत कसं बघायचं?

शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी घ्या, फोनवर फुकट मिळतात. अर्थाच्या आधी टी किंवा आय हे अक्षर असतं नाहीतर पूर्ण शब्द लिहिलेला असतो, जुन्या डिक्शनऱ्यांत व्हीटी आणि व्हीआय. एका शब्दाचे पाच अर्थ असले तर प्रत्येक अर्थापुढचं अक्षर वेगळं बघा, रनचं वर दिलंच आहे. इंग्रजी-मराठी कोशात नुसता अर्थ बघून थांबलात तर डिस्कसपुढे "चर्चा करणे" दिसेल आणि अबाउट परत येईल.

ही सोय कुणीतरी आपल्यासारख्यांसाठी मुद्दाम केलीय. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमधे शिकवत होते, त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मिळून शिकणाऱ्यांसाठी एक डिक्शनरी केली, ती 1942 मधे टोकियोत निघाली आणि 1948 मधे ऑक्सफर्डने छापली. त्यात कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याचे 25 साचे करून दिलेले होते. एक्सप्लेनसारख्या शब्दाचा अर्थ माहीत असूनही माणूस पुढचा शब्द चुकतो, हे त्यांनी वर्गात बघितलं होतं.

वही ठेवायची असेल तर काय लिहू?

शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची वही बंद करा. मी मुलांना पूर्ण तुकडा लिहायला लावते: डिस्कस समथिंग. वेट फॉर समबडी. एक्सप्लेन समथिंग टू समबडी. गिव्ह समबडी समथिंग. आणि खाली स्वतःच्या घरातलं एक वाक्य, पुस्तकातलं नको. त्या ताईंच्या वहीत डिस्कसखाली लिहिलं होतं, "माय हजबंड अँड आय डिस्कस्ड द लाइट बिल."